सतरा नंबरचे चाळीस सेकंद

देवराव लोणारे आणि मी एकाच खोलीत सहा वर्षं बसलो. त्याच्यावर कोणी काही लिहिलेलं नाही आणि लिहिण्यासारखं त्यानं काही केलं असं त्याला स्वतःलाही वाटत नसे. मला जमेल तसं लिहितो.

आमचं खातं विजेचं. विदर्भात आमची लहानमोठी एकेचाळीस उपकेंद्रं होती. प्रत्येकाशी बोलायला खात्याची स्वतःची टेलिफोनची तार होती. १९८२ साली नागपूरच्या ऑफिसात संगणक आला आणि या तारा शाबूत आहेत की नाहीत हे बघायचं काम त्याच्याकडे दिलं. दर दहा मिनिटांनी संगणक एकेका केंद्राला विचारायचा, "आहेस का?" केंद्रावर एक लोखंडी डबा असे, तो आपला नंबर सांगून "आहे" म्हणायचा. आठ सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारणं. तीनदा गप्प, तर घंटा वाजे, कागदावर नंबर छापला जाई आणि दुरुस्तीची गाडी निघे. तो कागद फाडून फाइलला लावणं हे माझं काम.

संगणकाला हे सगळं सांगणारा प्रोग्राम एका हुशार साहेबांनी लिहिला आणि वर्षभरात ते परदेशी गेले. मग तो सांभाळायचा कोणी? तीन महिन्यांच्या शिक्षणासाठी नावं मागवली, तर एकही इंजिनियर पुढे येईना. ते काम म्हणजे कोपऱ्यात बसवणं असं सगळ्यांना वाटे. देवराव तेव्हा एक्कावन्न वर्षांचा. तारेवर खलाशी, म्हणजे लाइनमनच्या हाताखालचा गडी म्हणून लागलेला, रात्रशाळेत मॅट्रिक झालेला, खांबावरून पडून गुडघा गेल्यामुळे टेबलावर आणून बसवलेला. त्याचं नाव मोठ्या साहेबांनीच घातलं. तो गेला आणि शिकून आला. कसं शिकला ते मला सांगता येत नाही. इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन ओठ हलवत वाचायचा, एवढं आठवतं.

पण प्रोग्राम कागदावर चालतो तसा जगात चालत नाही. अकरा नंबरचा डबा एप्रिल-मेच्या दुपारी तापायचा आणि चुकीचा नंबर सांगायचा. पाच नंबरच्या तारेवर बाजाराच्या दिवशी भलतीच खरखर असायची. बावीस नंबर चुकून दोन केंद्रांना दिला गेला होता. असं काही निघालं की देवराव त्या केंद्रापुरती एक वेगळी ओळ घालायचा. ओळीवर ओळ चढत गेली. सहा वर्षांत तो प्रोग्राम इतका गुंतला, की त्यात हात घालायची देवरावशिवाय कोणाची छाती नव्हती. आणि बंद पडला की देवरावला आणायला शिपाई सायकलवर इंदोऱ्याला त्याच्या घरी जाई. पोरीच्या लग्नात मांडवातून उठवून आणला होता त्याला. दुरुस्त करून परत गेला तोवर पंगती उठल्या होत्या.

त्याची बायको भीमाबाई एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "मशीनले काही झालं तं तुमाले बोलावते. मले काही झालं तं तुमाले कोण बोलावन?"

देवराव म्हणाला, "तू काहून घंटी लावून घेत नाई वं?"

ती हसली नाही. गाव नाही, नातलग नाही, चार दिवस कुठे जाणं नाही. माणूस आतून थकला होता. चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढायचा. दुपारी जेवणाचा डबा उघडून पहिला घास घेण्याआधीच त्याचे डोळे मिटायचे.

१९८८ च्या दिवाळीनंतर नवं मशीन आलं, युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं. त्याच्यासोबत उत्तरा नावाची चोवीस वर्षांची मुलगी आली. धरमपेठेत राहणारी, शिकून नुकतीच लागलेली. जानेवारीअखेर देवराव निवृत्त होणार होता. तोवर दोघांनी जुना प्रोग्राम उलगडून, नीट मांडून नव्या मशीनवर न्यायचा असं मोठ्या साहेबांनी ठरवलं. काम तेच राहायचं, आतली मांडणी बदलायची. आणि एक अट होती. कोणत्याही केंद्रासाठी वेगळी ओळ ठेवायची तर तिचं कारण लेखी हवं, खाली सही हवी. कारण नसेल तर ओळ काढायची.

देवरावला ही अट फार पटली. तो मला म्हणाला, "सगळं लिहून झालं का मी मोकळा होतो गा मधुकरराव. मंग ते पोरगी सांभाळन. मले कोणी बोलवायचं नाई."

त्यापलीकडे त्याला काही नको होतं. निरोपसमारंभसुद्धा नको म्हणाला.

उत्तरा कामाला कडक निघाली. लांबलचक कागद जमिनीवर पसरून दोघं त्यावर बसायची. ती बोट ठेवायची आणि विचारायची, "काका, हे काय आहे?" देवराव सांगायचा, ती लिहून घ्यायची. अकराचं ऊन, पाचचा बाजार, बावीसचा घोळ. कधी ती हसायची. "काका, हा प्रोग्राम आहे की गावगप्पा?"

"जसे गावं तसा प्रोग्राम, बाई," देवराव म्हणायचा.

अशा तेवीस ओळी होत्या. त्यातल्या बावीस ओळींची कारणं लिहून झाली. सतरा नंबरपाशी येऊन ती थांबली. तिथे बाकी सगळ्यांना आठ सेकंद आणि सतराला चाळीस सेकंद थांबायचं, असं घातलं होतं. शेजारी एवढंच, "काढू नये. दे. लो."

"याचं कारण?"

देवरावनं चष्मा काढून पुसला. "आठवत नाई."

"मग काढते."

"राहू द्या."

"काका, कारण सांगा, मी ठेवते. साहेब मला विचारतील."

"आठवत नाई म्हणलं ना."

तिनं ओळ काढली. डिसेंबर संपत आला होता. नव्या मशीनवर पहिल्याच आठवड्यात सतरा नंबर दोनदा मेला म्हणून छापून आला. सुदैवानं ते मशीन अजून चाचणीवर होतं, त्याची घंटा जोडलेली नव्हती. जुन्या मशीनवर त्या वेळी सतरा जिवंतच होता. उत्तरा म्हणाली, तारेत दोष आहे, गाडी पाठवून तपासून घेऊ. देवरावचा चेहरा उतरला. "दोन दिवस थांबा बाई," म्हणाला आणि संध्याकाळी जिन्यात माझा हात धरला. "रविवारी माह्यासंगं येता का?"

मला वाटलं होतं त्याची आठवण खरंच जात चालली. खाप्याच्या एस.टी.त बसल्यावर कोराडी मागे पडली, तेव्हा त्यानं सांगितलं. आठवण ठणठणीत होती.

सतरा नंबर म्हणजे खाप्याच्या पुढे, नदीच्या अंगाला एक छोटं केंद्र. ऑपरेटर ताराचंद एकटाच. चौऱ्याऐंशी साली ते केंद्र सारखं मेलेलं दिसायचं म्हणून देवराव बघायला गेला होता. जवळच्या वस्तीत टेलिफोन नव्हता. कोणी आजारी पडलं, कोणी नागपूरच्या दवाखान्यात असलं, की लोक ताराचंदकडे यायचे आणि तो खात्याच्या तारेवरून त्यांना बोलू द्यायचा. नागपूरच्या टेलिफोन बोर्डावरच्या बाई पुढे जोडून द्यायच्या. हे नियमात नव्हतं. कळलं असतं तर ताराचंदची नोकरी गेली असती. तार एकच, माणूस बोलत असताना डब्याला उत्तर देता यायचं नाही. देवरावनं त्याला एक खटका बसवून दिला आणि शिकवलं, डब्यात टकटक झालं की बोलणाऱ्याला थांबव, खटका डब्याकडे कर, डबा बोलला की परत माणसाकडे कर. पण बोलणारा माणूस आठ सेकंदांत थांबतो थोडाच! म्हणून चाळीस.

"हे कागदावर कसं लिहू?" देवराव म्हणाला. "लिहिलं तं ताराचंद जाते. नाई लिहिलं तं गाडी जाते, आन तरी ताराचंद जाते."

"आता तिथं फोन आला असेल ना," मी म्हणालो. "मग गरजच उरली नसेल."

"तेच पाहायले चाललो."

केंद्रावर पोचलो तेव्हा ताराचंद दारातच उभा होता. बारीक माणूस, दाढीचे खुंट पांढरे झालेले. देवरावला पाहून आधी आनंदला, मग घाबरला.

"चौकशी लागली का साहेब?"

"नाई गा. तुह्या गावात फोन आला का तेवढं सांग."

"आला ना! दोन वर्षं झाले. सरपंचाच्या घरी आहे. नारळ फोडला, हार घातला, आन लाकडाच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली सरपंचाच्या करगोट्याले. सरपंच राह्यते सावनेरले."

मी हसलो. देवराव हसला नाही. आत कोणीतरी मोठ्यानं बोलत होतं. एक म्हातारी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होती. ताराचंद हळूच म्हणाला, "तुळसाबाई. पोरगी बाळंतपणाले नागपूरले भरती आहे."

"टाके दुखून राहिले का वं?" तुळसाबाई विचारत होती. "दुखतेच ते. रडू नको. पोरगा दूध पेते का? कोणावर गेला? नाक कोणाचं हाये?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या डब्यात टकटक झालं. ताराचंद धावला. "थांब माय, मशीन आलं."

"थांबते ना. एवढं नाकाचं सांगू दे."

"माय, मशीन!"

"हौ हौ. आपल्या बापावर गेला असन तं नाक मोठं असन, पाह्य नीट. मशीन आलं म्हणते हा, ठेवू नको वं, धरून राह्य."

खटका पडला. डबा बोलला. खटका परत आला आणि तुळसाबाईनं नाकाचा विषय होता तिथून पुढे सुरू केला. मी घड्याळ बघत होतो. चौतीस सेकंद.

निघताना ताराचंद देवरावच्या मागे मागे फाटकापर्यंत आला. "माह्या नोकरीचे चार वर्षं राहिले साहेब. कागदावर नाव नका येऊ देऊ."

परतीच्या गाडीत देवराव खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसला होता. झोपला असेल असं मला वाटलं, पण त्याचे डोळे उघडे होते.

सोमवारी तो उत्तरासमोर जाऊन बसला. मी मुद्दाम फाइल घेऊन तिथेच रेंगाळलो.

"बाई, सतराचं कारण मले माहीत आहे. मी खोटं बोललो. पण ते कागदावर येणार नाई."

उत्तरानं विचारलं, "काका, चांगलं कारण आहे का?"

"आहे."

"मग मला सांगू नका. सांगितलंत तर मला लिहावं लागेल." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "पण बिनकारणाची ओळ मी ठेवू शकत नाही. तुम्ही महिनाअखेर जाल. माझ्यानंतर येणारा कोणीतरी काढूनच टाकेल."

देवराव म्हणाला, "मंग मी जात नाई. एक वर्ष वाढवून मागतो. मी आहे तोवर जुनंच मशीन चालू द्या."

एक वर्ष म्हणजे पुन्हा तो शिपाई, तीच सायकल. आणि त्या वर्षानंतर काय? हे त्यालाही ठाऊक होतं. हात टेबलावर पालथे टाकून तो बसला होता. खांबावर चढायला सांगितलं असतं तरी एवढा दमला नसता.

उत्तरानं कागद पुढे ओढला. बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "काका, सतराला चाळीस का, ते तुम्हाला माहीत आहे. बाकीच्यांना आठ का?"

"पहिल्या साहेबांनी ठेवले."

"का पण?"

देवरावनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाट उघडलं. पहिल्या साहेबांच्या तीन वह्या होत्या, त्या आम्ही तिघांनी वाटून घेतल्या. दुपार त्यात गेली. आठ सेकंदांचं कारण कुठेच नव्हतं. एका पानावर पाच लिहून खोडलं होतं, वर आठ लिहिलं होतं, बस.

"म्हणजे यालाही कारण नाही," उत्तरा म्हणाली. "मग सगळ्यांनाच चाळीस देऊ या. जे केंद्र चालू आहे ते दोन सेकंदांत बोलतंच, त्याला काही फरक पडत नाही. खरोखर मेलं असेल तर आपल्याला दीड मिनिट उशिरा कळेल. गाडी निघायलाच अर्धा तास लागतो."

"सगळ्याइले?"

"एकेचाळीसच्या एकेचाळीस. मग सतराची वेगळी ओळच नको. कारण कोण विचारणार?"

तिनं देवरावला नव्या मशीनसमोरच्या खुर्चीवर बसवलं. "तुम्हीच करा." एका बोटानं त्यानं आठ खोडून चाळीस लिहिलं. मग जुन्या कागदावरची स्वतःची ओळ, नावाच्या अक्षरांसकट, खोडली. दोन मिनिटांचं काम. नव्या मशीननं विचारायला सुरुवात केली आणि एकेचाळीस केंद्रांनी उत्तरं दिली. साहेबांनी संध्याकाळी सही केली.

आम्ही जिना उतरत होतो. मधल्या वळणावर देवराव गुडघा धरून पायरीवर बसला.

"पाच वर्षं गा मधुकरराव," तो म्हणाला. "रजेवर गेलो तरी धाक, का कोणी ते ओळ काढन. लग्नातही तेच डोक्यात. आन एक आकडा बदलायचा होता. मले काहून नाई सुचलं?"

तो आठचा आकडा मी रोज फाडत असलेल्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर छापलेला असायचा. मला तरी कुठे सुचलं? मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. वरून माणसं उतरत होती, आम्हाला वळसा घालून जात होती. तो उठेपर्यंत आम्ही बसून राहिलो.