रत्नाने केलेला फोन

अटलांटाच्या एका उपनगरात, पिवळ्या विटांच्या जुनाट अपार्टमेंट्समध्ये, रत्ना गजभिये मराठी घरांतली पोरं सांभाळायची. मूळची नागपूरची. नवरा रवीच्या जॉबमुळे डिपेंडंट व्हिसावर आलेली. रवी ऑफिसात गोगलगाय आणि घरात हात उचलणारा. एकदा सहन होईना, तेव्हा तिने नाइन वन वनला फोन केला. पोलीस त्याला घेऊन गेले. भीतभीत तिने विचारलं, "माझे पेपर्स बघणार का?"

"ते आमचं काम नाही, मॅम," अधिकारी म्हणाला. "तुम्ही सेफ आहात ना?"

घटस्फोटाबरोबर व्हिसाही गेला. वडील शंकरराव फोनवर विनवायचे, "परत ये, पोरी." पण माहेरी टाकलेली म्हणून बसायचं तिच्या जिवावर आलं. ती कागदांशिवायच राहिली, आणि बिल्डिंगमधल्या बायकांना सांगत सुटली : मार खाऊ नका, पोलिसांना बोलवा, ते कागद विचारत नाहीत.

खालच्या मजल्यावर इर्मा राहायची, ग्वाटेमालाची. ऑफिसं झाडायची. तिची लहानगी मुलगी येसेनिया दिवसभर रत्नाकडे असे, वरणभात खाई, मराठी पोरांचं ऐकून तिला "मावशी" म्हणे.

दोन हजार सातमध्ये काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, नियम फिरले. जेलमध्ये आणलेल्या प्रत्येकाचे कागद तपासायचे, नसले तर इमिग्रेशनच्या ताब्यात द्यायचं. आपल्या मुलीला न्यायला आलेल्या संजीवने सांगितलं, "रत्नाताई, जरा जपून हं." ते गुन्हेगारांसाठी असेल, असं तिला वाटलं.

एका रविवारी दुपारी खालून इर्माची किंकाळी आली. रत्नाने क्षणभरही विचार न करता फोन लावला.

नवऱ्याने गळा धरला होता, म्हणून इर्मा त्याच्या मनगटाला कडकडून चावली होती. पोलिसांना दोघांच्याही अंगावर रक्त दिसलं. त्यांनी दोघांनाही बेड्या घातल्या.

"तिला का नेता?" रत्ना जिन्यातून ओरडत धावली. "तिने काही केलं नाही! फोन मी केलाय!"

"ते कोर्टात सांगा."

नवऱ्याकडे ग्रीन कार्ड होतं. तो सुटला आणि पोरीची चौकशीही न करता टेक्सासला निघून गेला. इर्माकडे कागद नव्हते; ती सुटली नाही. भेटायला जायचं तर आयडी दाखवायचं, आणि रत्नाकडे व्हिसा संपलेल्या पासपोर्टाशिवाय दाखवण्यासारखं काही नव्हतं. येसेनिया आता रत्नाकडेच राहायची, दारात बसून विचारायची, "मावशी, मम्मी?" रत्ना तिला जवळ घ्यायची.

इर्माला ग्वाटेमालाला पाठवलं. मग तिची बहीण येऊन पोरीला घेऊन गेली. जाताना येसेनियाने रत्नाचा कुर्ता असा घट्ट धरला, की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पुढे इर्माचा फोन आला. रत्ना रडत माफी मागत राहिली.

"तुझ्यावर राग नाही," इर्मा मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "पण तू फोन केला नसतास, तर मार खाल्ला असता आणि कामावर गेले असते. इथे काम नाही."

त्यानंतर बिल्डिंगमधल्या बायका रत्नाला पाहिलं की बोलणं थांबवू लागल्या.

पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर एक जोडपं आलं. एका संध्याकाळी वरून बाईचं रडणं ऐकू आलं, मागोमाग काहीतरी आदळलं. रत्नाने फोन उचलला, हातात धरून उभी राहिली, आणि खाली ठेवला. मग तशीच अनवाणी वर गेली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. आतला आवाज थांबला. दार कुणी उघडलं नाही.