बरोबर लिहिलेला जिल्हा

ती विहीर आठवली की आजही माझं डोकं फिरतं. इतरांवर कमी, स्वतःवर जास्त.

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून नुकताच वेगळा झाला होता आणि त्याच सुमारास दुष्काळ पडला. मी एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या लेखनिक हवालदाराचा हात वर्षानुवर्षं 'जिल्हा उस्मानाबाद' लिहून बसलेला. पंचनामा कुठलाही असो, तो तेच लिहायचा. मी ओरडायचो, तो कान पकडायचा आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा तेच.

एके सकाळी एक बडा बागायतदार फिर्याद घेऊन आला. त्याच्या विहिरीचं कुलूप कोणीतरी तोडलं होतं. विहीर आपली असल्याचा ग्रामपंचायतीचा सहा वर्षांपूर्वीचा ठराव त्याने टेबलावर ठेवला. दुपारपर्यंत खबऱ्याने नाव आणलं. बौद्ध वस्तीतला एक मजूर.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोने आधी तांब्याभर पाणी पुढे केलं. रांजण तळाला गेलेला मला दिसत होता. मी ते पाणी प्यालो आणि तिच्या नवऱ्याला जीपमध्ये बसवलं.

चौकशीत त्याने काहीच लपवलं नाही.

"हाव, कुलूप म्याच तोडलं. इहीर सरकारी हाय, साहेब. रोजगार हमीवर आमीच खणली. आटायला लागली तसं ह्यानं कुलूप घातलं. लेकरायनं काय प्यावं?"

"कागद आहे का तुझ्याकडे?"

"कागद न्हाई. हाताला घट्टे हायत."

मी त्याला दरडावून गप्प केलं आणि कोठडीत टाकलं. कागदवाला खरा आणि घट्टेवाला चोर, इतकीच अक्कल मला तोवरच्या नोकरीने दिली होती.

अकराव्या दिवशी हवालदार दोषारोपपत्रासाठी त्या ठरावाची नक्कल उतरवत होता. लिहिता लिहिता थांबला.

"साहेब, मी रोज चुकायलो, रोज बोलणी खायलो. ह्यायनी सहा वर्सांमागं 'जिल्हा लातूर' बरोबर कसं लिव्हलं?"

मी कागद ओढून घेतला. सहा वर्षांपूर्वी लातूर जिल्हाच नव्हता. मागची तारीख टाकून ठराव नव्याने बनवला होता. तो कागद मी दहा वेळा हाताळला असेन, वाचला एकदाही नव्हता.

बागायतदाराला बोलावून मी विचारलं, "हा जिल्हा तेव्हा कुठे होता?" 'वरती बोलतो,' म्हणत तो उठला. संध्याकाळी एका पुढाऱ्याचा फोन आला. मी तो ऐकून घेतला आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला.

मजूर सुटला. त्याने एकच विचारलं, "इहीर खुली झाली का?"

मी त्याला जीपने घेऊन गेलो आणि स्वतः उभं राहून बागायतदाराने नव्याने घातलेलं कुलूप काढायला लावलं. खाली नुसता चिखल होता. अकरा दिवस बागायतदाराची मोटार उसासाठी चालू होती, आमच्या ठाण्याच्या भरवशावर. घागरी घेऊन आलेल्या बायका आत डोकावल्या आणि परत फिरल्या. मजुराची बायकोही त्यांत होती. या वेळी तिने मला पाणी विचारलं नाही.

नोकरीने माझे सण खाल्ले, झोप खाल्ली, लेकीच्या लग्नातही मी वर्दीतच पोहोचलो. त्याची तक्रार नाही, पगार आणि मान दोन्ही मिळाले. पण माणूस खरं सांगत असताना मी कागद मागितला, आणि कागद हातात असताना तो वाचला नाही, याची मला अजून चीड येते.

या गुन्ह्याच्या 'तत्पर तपासाबद्दल' मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून कपाटात आहे. त्यातला 'तत्पर' मी त्याच दिवशी पेनाने खोडला.