म्हसोबाच्या खांद्यावरची गाठ

आमच्या म्हसोबाला ऊन मिळत नाही. पूर्वी तो शेताच्या बांधावर उघड्यावर होता, आता पुनावळ्यातल्या दोन टॉवरांच्या मधल्या बोळात आहे. जमीन दिली तेव्हा सासऱ्यांनी बिल्डरला एकच अट घातली होती, देव हलवायचा नाही. बिल्डरने शब्द पाळला. देव तसाच ठेवून त्याच्या दोन्ही अंगांना बावीस-बावीस मजले चढवले आणि समोर लोखंडी जाळीचं दार बसवून दिलं. त्या बोळात भर दुपारीही दिवेलागणीचा उजेड असतो. वारा शिरला की घुमल्यासारखा आवाज येतो. तो वरून येतो की दगडातून, हे मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही.

गुडघ्याएवढा शेंदरी दगड आणि त्याला दोन चांदीचे डोळे. नाक नाही, तोंड नाही. लहान मुलं त्याला बघून रडत नाहीत, एकदम गप्प होतात. त्यापेक्षा रडलेली बरी, असं मला वाटायचं.

आमच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट करायची तर आधी त्याला कौल लावतात. कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या, एक त्याच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. मग प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बोअर मारताना लावला, घर बांधताना लावला, माझं स्थळ आलं तेव्हाही लावला होता. माझ्या वेळी उजवी पडली. त्या दिवशी वारा फार होता, असं नवरा भांडणात अजून ऐकवतो.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या छातीत गाठ निघाली. मी त्यांना आत्या म्हणते. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, गाठ लहान आहे, आत्ताच काढली तर धोका टळेल, पण उशीर करू नका. आत्यांनी मान डोलावली. घरी येऊन पदर खोचला आणि म्हणाल्या, "त्याला इचारते, मंग बघू."

कळ्या लावायचं काम थोरली सून म्हणून माझ्याकडे होतं. त्या रविवारी डावी पडली. नवरा म्हणाला, प्रश्न नीट मांडला गेला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा लावला, डावीच पडली. दिराला आठवलं की भावकीत सुतक चालू होतं, तो कौल धरायचाच नाही. तिसऱ्या रविवारी प्रश्न नीट मांडला, सुतकही फिटलं होतं, तरी डावी पडली.

"न्हाई म्हंतोय तर न्हाई," आत्या म्हणाल्या आणि घरी येऊन मेथी निवडायला बसल्या.

आमची मात्र झोप उडाली होती. आता देवाला कोणत्या शब्दांत विचारावं यावर माझा नवरा आणि दीर तासन् तास खल करायचे. 'ऑपरेशन करू का' ऐवजी 'ऑपरेशन टाळू का' असं विचारलं तर डावीचाच अर्थ हो होईल, अशी एक शक्कल निघाली होती. आत्यांसमोर बसून 'तुम्ही गेलात तर आम्ही काय करू' एवढं एक वाक्य मात्र कुणी बोललं नाही. मीही नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत तपासणीला आहे. पार्ट गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्टच्या लाल पेटीत. आमच्या शेजारच्या लाइनवर रबराचं सील धातूला चिकटवतात. त्याचा गम पाण्यासारखा पातळ असतो आणि चार सेकंदांत धरतो. मी तो औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत घेऊन आले.

चौथ्या रविवारी मी आत्यांच्या आधी अर्धा तास बोळात गेले. पृष्ठभागावर तेल असेल तर गम धरत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं. म्हणून देवाच्या डाव्या खांद्यावरचा नखाएवढा शेंदूर खरवडला, स्पिरिटच्या फडक्याने दगड पुसला, एक थेंब टाकला, कळी ठेवली आणि चार सेकंद बोटाने दाबून धरली. सगळं अगदी कंपनीच्या पद्धतीने केलं. दगड गार होता. बोट काढलं तेव्हा वारा थांबलेला होता.

आत्या आल्या. मी त्यांच्यादेखत उजवी कळी पाण्यात भिजवून लावली. त्यांनी प्रश्न विचारला, डोळे मिटले.

साधारण पाच-दहा मिनिटांत कळी पडते. त्या दिवशी पडेना. जिला मी गम लावला होता ती पडणार नव्हतीच, पण नुसत्या पाण्यावर लावलेली उजवीही जागची हलेना. अर्धा तास गेला. पाणी वाळून गेलं असणार, तरी ती तशीच. तासाभराने माझ्या पायांना मुंग्या आल्या. आत्यांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. उघडे होते ते फक्त चांदीचे डोळे, आणि ते माझ्याकडे होते. मी जागा बदलून थोडी डावीकडे सरकले. तरी माझ्याकडेच. मनात म्हटलं, पाड ना रे बाबा, काय हवं ते घे, पण पाड. आणि पायरी पुसायला हात पुढे केला, तेवढ्यात कळी माझ्या मनगटावर पडली. जूनचं ऊन बाहेर रणरणत होतं आणि ती कळी बर्फातून काढल्यासारखी लागली.

आत्यांनी डोळे उघडले आणि रडायलाच लागल्या. "दिली रं बाबा, उजवी दिलीस."

ऑपरेशन झालं, नीट झालं. गाठीबरोबर ती बाजूही काढावी लागली, पुढचे उपचार झाले, गळलेले केस परत आले. घरात माझ्याइतकं खुशीत कुणी नव्हतं, कारण हे खरं कुणी घडवून आणलं ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

राहिली ती डावी कळी. ती मी ओरबाडून काढणार होते, पण मी तिथे एकटी अशी कधी नसायचेच. ऑपरेशननंतरच्या पहिल्या अमावस्येला देवाला शेंदूर-तेलाचा लेप चढला, कळी त्याखाली गेली, आणि खांद्यावर एक फुगवटा राहिला. आत्यांचा हात त्यावरून फिरला आणि थांबला. मग स्वतःच्या छातीच्या सपाट झालेल्या बाजूला हात लावून हळू आवाजात म्हणाल्या, "माझी गाठ त्यानं आपल्या अंगावर घेतली."

तिथून पुढे ते थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. दर अमावस्येला लेप चढायचा आणि दर अमावस्येला गाठ वाढायची. शेंगदाण्याएवढी होती ती सुपारीएवढी झाली, मग लिंबाएवढी. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेली टॉवरमधली मुलं-मुली बूट काढून पाया पडायला लागली. आजारी माणसाच्या नावाने बायका त्या गाठीला शेंदूर चोपडायला लागल्या. मला ठाऊक होतं की आत कण्हेरीची कळी आहे. तरी शेंदूर लावताना माझं बोट त्या जागेवरून लवकर पुढे जायचं, कारण एकदा ती मला ऊबदार लागली होती.

आमच्या विभागात माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे एक गृहस्थ आहेत, त्यांना मी दादा म्हणते. देव, आत्मा, मुहूर्त, काहीच मानत नाहीत. खंडेनवमीला मशीनची पूजा होते तेव्हा बाजूला उभे राहतात आणि पेढे मात्र दोन घेतात. त्यांच्या घरी बुद्धवंदना होते, तिथेही हे मागे उभे राहून घड्याळ बघतात, अशी त्यांच्या बायकोचीच तक्रार आहे. एकदा चहाच्या सुट्टीत मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हा माणूस खूश होईल, टाळी देईल.

ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, तुम्ही देव मानता ना?"

"म्हणजे काय! रोज दिवा लावते."

"मग हात कसा धजला?"

मी चहाचा कप खाली ठेवला. तेच पुढे म्हणाले,

"देव नाही असं मी तोंडाने म्हणतो. तुम्ही ते हाताने करून दाखवलंत. मला नसतं जमलं. तुमच्या सासूबाईंचा देव मी मानत नाही, पण त्या त्याला विचारत होत्या, आणि उत्तर तुम्ही दिलंत."

माझं डोकं फिरलं. "मग काय, मरू द्यायचं होतं का त्यांना?"

"भांडायचं होतं. पाया पडायचं होतं. तुमची भीती सांगायची होती. सांगितलीत?" मग कप चुरगाळत म्हणाले, "तीनदा पार्ट बसला नाही तर आपण चौथ्यांदा गेज घासून मोठा करतो का, राव?"

मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. नास्तिक माणसाने मला देव शिकवावा याचा राग आला होता. पण राग गेल्यावर उरलं ते वाईट होतं. आमच्या घरात त्या देवाचं उत्तर उत्तर म्हणून ऐकणारी एकटी म्हातारी होती. आम्ही बाकीचे हात जोडत होतो आणि आपल्याला हवं ते त्याच्याकडून वदवून घेत होतो. हे मला आमच्या कीर्तनात कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या घरामागे भाड्याच्या चार खोल्या आहेत. एकीत मराठवाड्यातलं जोडपं राहतं. तो पॅकिंगला जातो, ती घरीच असते आणि आत्यांना मावशी म्हणते. यंदा संक्रांतीनंतर ती रोज सकाळी म्हसोबाला जाताना दिसायला लागली. एके दिवशी मी दोरीवर कपडे घालत होते, ती जवळ आली आणि इकडेतिकडे बघून तिने ब्लाउजचं वरचं बटण काढलं. गाठ बाहेरून दिसत होती. वरची कातडी आत ओढली गेली होती.

"किती दिवस झाले गं?"

"दिवाळीच्या आधीपासून हाय. मावशीनं सांगितलं न मला, म्हसोबा अंगावर घेतो म्हणून. लई शेंदूर लावला बघा. माझी अजून घेईना झालाय." आणि ती ओशाळून हसली. "माझंच काईतरी चुकत असंल."

तिच्या वयाची माझी धाकटी बहीण आहे. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. ती म्हणाली, मावशीला विचारते. आणि आत्या काय सांगणार ते मला माहीत होतं. आत्यांनी काही खोटं सांगितलं नव्हतं, त्यांना जे घडलं असं वाटत होतं तेच सांगितलं होतं. ते घडवणारी मी होते.

मी घरातून ब्लेड आणि स्पिरिटची बाटली घेतली. तिला बरोबर घेतलं, आत्यांना हाक मारली आणि बोळात गेले. सकाळचे दहा वाजले होते, तरी आत संध्याकाळ होती. आत्या मागून येत विचारत होत्या, काय झालं, काय झालं. मी जाळीचं दार उघडलं आणि देवाच्या खांद्यात ब्लेड घातलं.

"अगं ए! काय करती!"

आत्यांनी माझा दंड धरला. मी थांबले नाही. शेंदराचे थर निघत गेले, लाल, मग काळपट, मग पुन्हा लाल, आणि तेल माझ्या बोटांवरून मनगटावर ओघळलं. मागे ती मुलगी तोंडावर पदर धरून उभी होती. सगळ्यात आत कळी होती. ती कुजली असेल असं मला वाटलं होतं. पण ती काचेसारखी कडक झाली होती आणि अजून गुलाबी होती. तीन वर्षांत ती उमललीही नव्हती, सुकलीही नव्हती.

मी सगळं सांगितलं. गम, चार सेकंद, स्पिरिटचं फडकं, काही लपवलं नाही. वारा घुमत होता, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं.

आत्या पायरीवर बसल्या. "म्हंजी मला त्यानं व्हय म्हणलंच न्हाई?"

"नाही, आत्या."

"तीन वर्सं मी त्येला इचारल्याबिगर जगले?"

मी एवढंच म्हटलं, "मला भीती वाटली होती. तुम्ही मराल म्हणून."

"मंग तसं म्हणायचं हुतंस," त्या म्हणाल्या. "माझ्यापाशी म्हणायचं हुतंस."

त्या देवाकडे बघत होत्या आणि त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मला म्हणाल्या, "ह्यापुढं त्येला हात लावायचा न्हाई तू." आणि त्या मुलीचं मनगट धरलं.

"चल गं. दवाखान्यात जायचंय."

"आन् म्हसोबा, मावशी?"

"तो हितंच हाय, तो कुटं जातोय? मी बी त्येला न इचारताच गेले हुते. मला ठावं नव्हतं, एवढंच. चप्पल घाल."

रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मग निघून गेल्याचा. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. खांद्यावर दगड उघडा पडला होता. चांदीचे डोळे जिथे होते तिथेच होते. हात पुसायला माझ्याकडे काही नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्यापुढे किती दिवे लावले असतील, पण त्याची खरोखर भीती मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटली.