पेंटरच्या पेटीतली चित्रं

तापीकाठच्या एका बाजारगावात मी पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना घडलेलं हे प्रकरण निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही.

गावातल्या एका बागायतदार घरची सून बेपत्ता होती. तिचा भाऊ चौकशीला येऊन गेल्यावर नवऱ्याने ती हरवल्याची तक्रार दाखल केली. तपास चालू असतानाच भरदुपारी एक किराणा व्यापारी धापा टाकत ठाण्यात आला. मागे निम्मा बाजार.

"साहेब, माझ्या भाडेकरूची खोली बघा. नुसती घाण भरली आहे!"

भाडेकरू म्हणजे साठीचा, एकटा राहणारा पेंटर. अक्कलकुव्यापर्यंतच्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. छताची गळती बघायला घरमालक खोलीत शिरला आणि त्याने पत्र्याची पेटी उघडली. पंचांसमक्ष आम्ही ती रिकामी केली. वर जुनी विदेशी कॉमिक्स, त्यांच्या मुखपृष्ठांवर खांबाला, खुर्चीला बांधलेल्या नायिका. खाली पेंटरने स्वतः शाईने काढलेल्या तशाच बायका. उंच टाचांचे बूट, तोंडावर पट्टी, अंगभर दोऱ्यांची नक्षी. यानेच बाई गायब केली, असा बाहेर गलका झाला. एका चित्रात तर लोकांना ती दिसलीसुद्धा. पेंटरला जमावातून ठाण्यात आणेपर्यंत त्याचा सदरा फाटला होता.

"ही बाई कोण?" मी चित्र पुढे केलं.

"कोनीच नही साहेब. तरुनपने सुरतले शिनेमाना बोर्ड रंगाडू. रद्दीमा हाई पुस्तकं सापडनात. मन गुतनं. काबरं, ते माले बी समजनं नही. लगीन नही करं. कोनले सांगं बी नही."

खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. हा विचारलं तेवढंच सांगत होता आणि मान वर करत नव्हता. लाज वेगळी, गुन्ह्याची भीती वेगळी. बाई दिसेनाशी झाली तेव्हा तो अक्कलकुव्यात पाटी रंगवत होता, असा तिथल्या दुकानदाराचा जबाबही मिळाला.

तरीही चित्रातल्या बाईची ओळख पटवायला नवऱ्याला बोलावलं. चित्रं पाहून तो चिडेल, रडेल, अशी माझी अपेक्षा होती. त्याने एक चित्र हातात घेतलं, निरखलं आणि तुच्छतेने टेबलावर टाकलं.

"हाई काय बांधनं शे? अशी गाठ ते ती घडीभरमा सोडी ली."

हवालदाराने लिहिणं थांबवलं.

"घडीभरात गाठ सोडवून घेईल, ती म्हणजे कोण?" मी विचारलं.

पुढच्या चौकशीत तो फार टिकला नाही. शेतातल्या पंपाच्या खोलीचं कुलूप आम्ही तोडलं. आत ती होती, जिवंत. नायलॉनच्या दोरीने मनगटांची कातडी गेली होती. महिला शिपायाने दोरी कापली, तरी तिचे हात पाठीमागेच राहिले.

"आते हात पुढे लया ना ताई," शिपाई म्हणाली.

"येतस नही," ती म्हणाली.

नवऱ्याला अटक झाली. बाईला भाऊ माहेरी घेऊन गेला. जखमा भरल्या, पण बोटांत पूर्वीची पकड आली नाही.

पेंटरला सोडताना तो म्हणाला, "साहेब, मन्हा गुन्हा नही ना? मंग हाई गावले सांगा."

मी चौकात उभं राहून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. पण घरमालकाने सामान बाहेर काढलंच आणि पाटी रंगवायला कोणी बोलावलं नाही. चित्रं त्याने नदीकाठी जाळली आणि गाव सोडलं. तो कुठे गेला, मला कळलं नाही.

जबाब घेत मी त्या शेताशेजारच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. भला माणूस. त्याने चहा दिला.

"आवाज ऐकू यायचा का पंपाकडून?" मी विचारलं.

"ये ना साहेब. रोज ये. आम्हले वाटनं, घरना मामला शे."

चित्रांवरून निम्मा बाजार माझ्या ठाण्यात धावत आला. तिचं ओरडणं ऐकून एकही माणूस आला नव्हता. कशाची लाज वाटावी, हे माणसं असं ठरवतात. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं, आणि ते शिकून माझं समाधान झालेलं नाही.