पंचविसाची हळद, तिसाचं लग्न

आमच्या खानदानात बी.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी सांगितलं नसतं तरी तुम्हाला कळलंच असतं, कारण मी ते दर पाच मिनिटांनी सांगतो. तामसीकडच्या आमच्या गावात वांगी, मेथी आणि कोथिंबीर लावणाऱ्या घरातून उठायचं, बसच्या दांड्याला लोंबकळत आदिलाबाद गाठायचं, तेलुगूतलं आणि इंग्रजीतलं शास्त्र मराठी डोक्यात कोंबायचं आणि वर पासही व्हायचं, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. झाकायची होती तर शिकलो कशाला?

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी आदिलाबादेत एका कॉम्प्युटर सेंटरात शिकवायला लागलो होतो. खाली खताचं दुकान, वर आम्ही. आत येण्याआधी चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो अशी मालकाची पक्की श्रद्धा. त्याच्या घरच्या देवघरात पोरं बूट घालून शिरलेली मी पाहिली आहेत, पण सेंटरात नाही. मालक तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचा आणि मला 'पंतुलू' म्हणायचा. म्हणजे मास्तर. त्यानं नुकतंच एक कार्ड आणलं होतं, ज्यानं व्हिडिओ कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरात घेता यायचं आणि परत कॅसेटवर उतरवता यायचं. ते कसं चालवायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी बी.एस्सी. होतो.

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आमच्या दारात झालं. आम्ही आदिलाबादचा शूटिंगवाला ठरवला. त्याचा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, वरवंट्यासारखा जड, आणि बॅटरी म्हातारी झाल्यामुळं त्याला सतत करंटची वायर जोडलेली. वरपक्ष पैनगंगेपलीकडचा. नवरदेवाचा मावसभाऊ अमेरिकेत नोकरीला होता. तो तळहातात मावेल असा कॅमेरा घेऊन आला आणि गायीच्या कानापासून मांडवाच्या बल्लीपर्यंत जे दिसेल ते टिपत फिरला. आमचा शूटिंगवाला त्याच्याकडं असा पाहायचा, जसं रोडरोलरवाल्यानं सायकलवाल्याकडं पाहावं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि करंट गेला. लाऊडस्पीकर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर होता, म्हणून भटजींचा आवाज गावभर चालूच राहिला. आमचा शूटिंगवाला मेलेला कॅमेरा खांद्यावर घेऊन नवरीपेक्षाही खाली मान घालून उभा. अक्षता पडल्या, हार पडले, पंगती बसल्या आणि मग करंट आला. मागची कसर भरून काढायची म्हणून त्यानं पंगतीतला एकेक घास टिपला. कोणी किती बुंदी खाल्ली याचा पुरावा आजही आमच्याकडं आहे. हळद आली, जेवण आलं. लग्न तेवढं आलं नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. मंगलाष्टकं नवरीच्या आईनं पाहायची नाहीत. ती सुरू झाली की तिनं मागच्या अंगणात जायचं, तुळशीला पाणी घालायचं आणि बँड वाजेपर्यंत मांडवाकडं पाठ करून तिथंच उभं राहायचं. काऊन, असं विचारलं तर कोणी सांगत नाही. भटजींना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही सायन्सवाले." हे काही उत्तर झालं नाही. नवरीचा बाप समोर चालतो, बँडवाला चालतो, पंगतीच्या आशेनं आलेली कुत्री चालतात. आई तेवढी चालत नाही.

लग्नानंतर भाड्याचा व्हीसीआर आणून आम्ही ती कॅसेट घरी लावली. गल्ली जमा झाली. हळद झाली आणि एकदम पत्रावळ्या दिसायला लागल्या. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, पदर तोंडाला लावून म्हणाली, "काहो वयनी, हळद लागली, जेवनं झाले. पोरीचं लगन लावलं का नाई?"

सगळे हसले. मीही हसलो. माय हसली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता ती मला म्हणाली, "तू कॉम्प्युटरचा मास्तर नं?"

"हाव."

"मंग जोड. त्यायच्या कॅमेऱ्यात लगन हाये. आपल्यात हळद आन् जेवन हाये."

मी म्हटलं, "माय, त्यांच्याकडून सीडी येऊन राह्यली. तू बाजारात आली की सेंटरात ये, लग्नाचा तुकडा दाखवतो."

"तुकडा नाई पायजे मले. अर्धी पोरगी इकडं, अर्धी तिकडं? पयले हळद, मंग लगन, मंग जेवन. जसं झालं तसं." मग जुडीला गाठ मारत, माझ्याकडं न पाहता म्हणाली, "माह्या पोरीच्या डोस्क्यावर अक्षता पडल्या त्या मीच पाह्यल्या नाई."

मी पुढची जुडी तिच्या हातात दिली.

अमेरिकावाल्यानं परत जाताना हैदराबादेत कोणाकडून तरी आपलं शूटिंग कॉम्प्युटरात घालून घेतलं होतं. ती सीडी जावयानं पाठवली. आमची कॅसेट मी त्या नव्या कार्डातून आत घेतली आणि हळद वेगळी, जेवण वेगळं असे दोन भाग केले. जोडणारा प्रोग्राम होता. त्यात एकामागून एक फाइली टाकायच्या आणि बटण दाबायचं. इतकं सोपं असेल तर पदवी कशाला लागते, असं मनात म्हणत मी बटण दाबलं आणि मालकाला हाक मारली. पराक्रम एकट्यानं पाहण्यात मजा नसते.

हळद झकास गेली. मग मंगलाष्टकं सुरू झाली. सुरुवातीला काही कळलं नाही, नुसतं वाटलं की सगळ्यांनी आज जरा दमानं घ्यायचं ठरवलंय. पण भटजींचं तोंड आवाजाच्या मागं पडायला लागलं. एक मंगलाष्टक संपायचं तेव्हा त्यांचे ओठ अर्ध्यावर असायचे. "सावधान" झालं, बँड दणाणला, आणि पडद्यावर अंतरपाट जागच्या जागी.

"ये क्या करके रखे पंतुलू?" मालक म्हणाला. "शादी हुई नै, बाजा बज गया!"

नेमकी त्याच वेळी माय दारात. रिकामी टोपली काखेत, चपला बाहेर. तिला चाकांच्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची सरकू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि पाहायला लागली. आता आवाज तर पुरता पुढं गेला होता. चित्रात अंतरपाट दूर होत होता, अक्षता उडत होत्या, आणि आवाज आमच्या पंगतीतला: "इकडं भाजी! अरे भाजीवाला मेला का?" बहिणीनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं तेव्हा कोणीतरी जोरात ढेकर दिला. मालक हसून हसून भिंतीला टेकला. मी झडप घालून ते बंद केलं.

"काऊन बंद केलं?" माय म्हणाली.

"चुकलं माय. नीट करून दाखवतो."

ती "बरं" म्हणाली आणि बसची वेळ झाली म्हणून टोपली घेऊन निघून गेली.

चूक काय होती ते सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी माझ्या कौतुकासाठी पुन्हा वाचावं. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली फोटोंची चळत. आपल्याकडचा कॅमेरा सेकंदाला पंचवीस फोटो काढतो, अमेरिकेतला जवळपास तीस. त्या प्रोग्रामचा खाक्या असा, की पहिली फाइल ज्या चालीनं चालते तीच चाल मागून येणाऱ्या सगळ्यांना लावायची. आमची हळद पहिली, म्हणून सगळं पंचविसाच्या चालीनं. मग तिसाच्या लग्नातल्या एका सेकंदाचे फोटो एका सेकंदात संपेनात. पाच मिनिटांचं लग्न सहा मिनिटं चाललं, आणि आवाज मात्र आपल्या वेळेवर पुढं निघून गेला.

हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं. दोन दिवसांनी जावई कापसाच्या बियाण्यासाठी आदिलाबादला आले आणि सेंटरात डोकावले. पाहून म्हणाले, "भाऊ, तुमी आपलं पयले लावलं नं, तिथंच चुकलं. मान कोणाचा? आमच्या भावाचं पयले लावून पाहा."

मी मनात म्हटलं, हा माणूस मशीनलाही मानपान सांगायला लागला. पण हळद तात्पुरती बाजूला ठेवून लावून पाहिलं. आणि काय सांगू, त्यांचं लग्न एकदम सुरळीत! भटजींचे ओठ आवाजाला चिकटलेले. मग मागून आमची पंगत आली. आता चाल तिसाची, म्हणून आमची माणसं पळायला लागली. माझे बाबा, जे विहिरीत बादली पडली तरी घाई करत नाहीत, ते पंगतीतून कोंबडीसारखे तुरुतुरु धावत होते. मामा वरणाची बादली घेऊन निघाला तो पडद्याबाहेर गेल्यावर त्याचा "वरण, वरण" ऐकू आला.

"पाहा," जावई खुशीत म्हणाले. "आमचं बरोबर हाये. तुमचंच काम गडबडीचं."

"तुमच्याकडं दिली नं पोरगी," मी म्हटलं, "आता आमाले तुमच्याच चालीनं पळा लागन."

ते हसले, पण हा टोमणा माझ्याच डोक्यात राहिला. जो पहिला त्याची चाल सगळ्यांना. म्हणजे क्रम कसाही लावा, कोणीतरी एक धावणार किंवा रांगणार. मी प्रोग्रामची इंग्रजी मदतपानं उघडली. आदिलाबाद जिल्ह्यात ती पानं वाचणारा मी पहिला असेन, निदान मी तरी तसंच सांगत आलोय. त्यात निघालं: जोडण्याआधी चाल बदलून घ्या. तिसाच्या फाइलमधल्या दर सहा फोटोंतला एक काढून टाकायचा, की उरतात पंचवीस. वेळ तेवढाच राहतो आणि आवाजाला हात लावावा लागत नाही.

हे करायला कॉम्प्युटरनं अख्खा दिवस घेतला, मध्ये दोनदा करंट गेला, दोनदा पुन्हा पहिल्यापासून. पण जमलं. आधीच्या दोन्ही बिघडलेल्या फाइली मी पुसून टाकल्या. पुढच्या बाजाराला माय आली, त्याच वेळी जावईही बियाण्याची पिशवी बदलायला आले होते. मी त्यांनाही बसवून घेतलं. मालक मागं उभा. हळद झाली. मंगलाष्टकं झाली. "सावधान", अक्षता, बँड, हार, सगळं एका श्वासात, आणि लगेच पंगत. कुठं सांधा दिसेना.

मी मायकडं पाहिलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं. कसं जुळलं सांग!"

"लय लवकर झालं."

"जेवढं होतं तेवढंच हाये, माय. त्या दिवशीचं चुकीचं होतं."

"त्या दिवशी अक्षता कशा दमानं पडून राह्यल्या होत्या. पोरीनं मान वर केली, ते पाह्यलं मी. आज दिसलंच नाई."

मी समजावलं, की सहा फोटोंतला एकच काढलाय, बाकी सगळे जागेवर आहेत.

"मंग काढलं तेच असन," माय म्हणाली.

जावई खिडकीबाहेर पाहायला लागले. मी शेवटचा मुद्दा काढला. "अवो माय, त्यात आवाज चुकतो. हार पडते अन् मागं भाजी मागून राह्यले लोक."

"आवाज तं मी तुळशीपाशी आयकला," ती म्हणाली. "पाह्याचंच राह्यलं होतं."

मालकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पंतुलू, जो होना बोल रै, वो देना." म्हणजे, जे पाहिजे म्हणतेय ते द्यायचं.

मग मी, आमच्या खानदानातला पहिला पदवीधर, पुन्हा बसलो आणि पुसलेली चूक जशीच्या तशी, मन लावून, मुद्दाम केली. दोन कॅसेटी उतरवल्या. जुळलेली वरपक्षाला धाडली. न जुळलेली घरी नेली.

पुढच्या वेळी व्हीसीआर आला तेव्हा आत्या अगदी पुढं जागा धरून बसली होती. अंतरपाट दिसला तशी माय उठली आणि तिनं टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"अवो, आवाज गेला वाट्टे," आत्या म्हणाली.

"तुमी गप पाहा," माय म्हणाली आणि टीव्हीजवळच उभी राहिली, त्याची कड धरून. बँड आत कुठंतरी केव्हाच वाजून गेला असणार. पडद्यावर बहीण अजून मान वर करत होती.