सहा जणांचं धरणं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी गणित शिकवायचो आणि मराठीच्या सरांबरोबर एका खोलीत राहायचो. ते सायवनकडचे, शेतकऱ्याघरचे. शाळा सुटल्यावर मला बोलायला तेवढं एकच माणूस होतं.

वसतिगृहातल्या मुलांना किडका तांदूळ येत होता. आम्ही सहा शिक्षकांनी ठरवलं, शनिवारी डहाणूला आश्रमशाळांच्या प्रकल्प कचेरीसमोर धरणं धरायचं. सहाही बसलो तर हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकटाच बसला तर त्याची बदली ठरलेली.

मला तेव्हा गेम थिअरीचं, म्हणजे दुसरा काय करेल ते धरून आपण काय करावं या गणिताचं, भारी वेड. वहीत चौकोन आखून मी सरांना समजावलं, की यायचं सगळ्यांनाच असतं, फक्त बाकीचे येतील याची खात्री हवी असते.

सर म्हणाले, "आमच्या गावात मोर्चा असला की पहिल्या घरचा निघतो, दुसऱ्या दाराशी थांबतो, त्याला घेऊन पुढं. कचेरीपर्यंत सगळे एकत्रच. आपणही एकाच गाडीनं जाऊ."

पण आम्ही पडलो पगारदार. कुणाला आधी बोर्डीला सासरी जायचं होतं, कुणाला बँकेत. "थेट तिथेच भेटू," असं ठरलं. शनिवारी सकाळी मीही सरांना म्हणालो, "मसोलीत काम आहे, तुम्ही व्हा पुढे." काम कसलं डोंबलाचं!

मी कचेरीसमोरच्या हॉटेलात बसलो. दोघंतिघं आले की उठायचं, असा बेत. सर एकटेच फलक घेऊन बसले होते. मी चहावर चहा घेत राहिलो. स्वतःची लाज वाटत होती, तरी उठवत नव्हतं.

सोमवारी स्टाफरूममध्ये एकेकाच्या तोंडून कळलं. एक एसटी स्टँडवरून बघत होता, एक झेरॉक्सच्या दुकानातून, दोघे वेगवेगळ्या झाडांआडून. सहाही जण डहाणूत हजर होतो.

सरांच्या बदलीचा कागद यायला महिना लागला. तो महिना ते नेहमीसारखंच बोलत, आणि त्या खोलीत मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

जाताना ट्रंक बांधता बांधता ते म्हणाले, "तुम्ही हॉटेलात होतात ना? दिसलात मला."

मी ट्रंकेच्या दोरीचं दुसरं टोक धरलं.

"बरं वाटलं हो," ते म्हणाले. "कुणीच नाही बघून मी अकरालाच उठणार होतो. तुम्ही दिसलात म्हणून बसून राहिलो. साहेबांनी नाव लिहून घेतलं ते दुपारी."