निंबांच्या नावाची घागर

उखर्डूनानांचं अक्षर काय होतं म्हणता! छापखान्यानं लाजावं. जळगाव-धुळे रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडचं गाव. दिवसभर जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कपाशी वाहायची आणि सकाळी चावडीच्या फळ्यावर गावाची खबर लिहायची, हा त्यांचा नेम. कुणाचं लग्न, कुठे सप्ताह, कोण वारलं. नानांनी लिहिलं म्हणजे खरंच, असं गाव मानायचं. बायको गेलेली, पोरं सुरतेला. त्या फळ्याशिवाय नानांना दुसरं होतं काय?

सत्त्याऐंशीपासून तरुण मंडळानं पर्यावरण दिन धरला. पाच जूनच्या रखरखीत उन्हात मसणवाटेच्या दोन्ही अंगांना शंभर निंब लावायचे. हार, भाषणं, फोटो. अध्यक्ष रुपचंद म्हणायचा, "नाना, लिखा, शंभर झाडं." नाना लिहायचे. पाणी घालायला मात्र कुत्रं फिरकत नसे. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा शंभर! तीन वर्षांत गावाला पाठ झालं, आपल्याकडे तीनशे झाडं. पुरुष त्याच बोडक्या वाटेनं रोज शेतावर जायचे हो, तरी पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे.

नव्वदच्या चैत्रात नानांची थोरली बहीण भिकुबाई वारली. भर दुपारी अनवाणी खांदा दिला. विसावा घ्यायला सावली शोधली, तर एक पान नाही. नानांच्या तळपायांना फोड आले. "हे माझ्याच अक्षरानं झालं," असं म्हणत ते घरी येऊन रडले.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी फळ्यावर मजकूर झळकला: 'मयत: तीनशे निंब. गावाशिवाय वारस नाही.'

रुपचंद तापला. फळा पुसला, खडू हिसकावला. "मंडळाची अब्रू काढता? यापुढे फळ्याला हात लावायचा नाही!"

"पुस भो," नाना म्हणाले, "पन लोकेसनी वाची लिधं शे." गावानं वाचून झालंच होतं. घरी जाऊन त्यांनी दाराला आतून कडी लावली.

आमच्या खानदेशात घरातलं कुणी गेलं की त्याच्या नावानं आखाजीला पाण्याची मातीची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा ठेवतात. सकाळी शेजारच्या वच्छलाबाईनं नानांचं दार ठोठावलं. डोक्यावर भरली घागर. "गावना मयत शेतस ना? मंग गावलेच घागर भरनी पडी." मयत गावाचे, तर घागरही गावानंच भरायची, असं म्हणत ती निघाली मसणवाटेला.

नाना मागोमाग गेले आणि थबकलेच. अगं माय! वच्छलाबाईमागे सुना, आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, म्हाताऱ्या. जिथे बाया कधी पाऊल टाकत नाहीत, त्या वाटेवर डोक्यावरच्या घागरींची रांग संपता संपेना. प्रत्येक खड्ड्यात एक घागर. नानांचे हात आपोआप जोडले गेले. रुपचंदची आई पुष्पाबाईही रांगेत होती. रुपचंद मान खाली घालून पुढे आला आणि तिच्या डोक्यावरची घागर त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतली.

त्या घागरी तिथेच गळ्यापर्यंत पुरल्या. जूनमध्ये त्यांच्या कडेला रोपं लागली. जाता-येता जो तो घागर भरी, माती पाझरे, मुळं पीत. वर्षानं रुपचंद स्वतः त्या वाटेनं एकेक झाड मोजत आला आणि नानांच्या हातात खडू ठेवला. "लिखा नाना. मोजी उना मी." नानांनी लिहिलं: 'जिवंत: एकसष्ट.'

सत्त्याण्णवच्या वैशाखात नाना गेले. फळ्यावर रुपचंदनं आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: 'मयत: उखर्डूनाना. जिवंत: एकसष्ट.' दुपारी बारा वाजता तिरडी निघाली. अर्ध्या वाटेवर निंबाखाली विसावा घेतला. खांदा देणाऱ्या कुणाचेच पाय भाजले नाहीत.